हाताच्या सुजेसाठी तीन स्लीव्ह: चिपळूणच्या हवेत चार वर्षं वापरून

माझ्या उजव्या हाताला कॉम्प्रेशन स्लीव्ह, म्हणजे सूज आवरायला हातावर दाब देणारी घट्ट बाही, लागून चार वर्षं होत आली. या काळात तीन प्रकारच्या वापरून झाल्या. पहिलीनं पैसे घालवले आणि हातही बिघडवला, दुसरीनं हात सांभाळला, तिसरी आत्ता लिहिताना हातात आहे. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या ओळखीच्या बायका, त्यांच्या जावा, नणंदा फोन करून विचारतात, "ताई, कुठली घेऊ?" प्रत्येकीशी अर्धा तास बोलणं होतं आणि तरी काहीतरी सांगायचं राहतंच. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. माझ्या हाताला बसली ती तुमच्या हाताला बसेलच असं नाही. माप कोणी घेतलं, हात कुठल्या अवस्थेत असताना घेतलं, यावर सगळं ठरतं, आणि हे कळायला मला एक वर्ष आणि बरेच पैसे लागले.

ऑपरेशन २०१९ मध्ये मुंबईला झालं. उजव्या बाजूचं. बगलेतल्या गाठी (प्रत्येकाला असतात त्या लसिकाग्रंथी) काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. घरी सोडताना हाताची काळजी कशी घ्यायची त्याचा कागद दिला होता, तो मी फाइलला लावून ठेवला. दोन वर्षं हाताची काही तक्रार नव्हती. मग २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. चिपळूणकरांना त्या तारखेबद्दल वेगळं सांगायला नको. पाणी ओसरल्यावर आम्ही आठ दिवस चिखल उपसत होतो, भिजून दगड झालेल्या गाद्या दोघीदोघी मिळून बाहेर ओढत होतो. उजवा हात जड वाटायचा, पण त्या दिवसांत कोणाचा हात जड नव्हता? नागपंचमीला बांगड्या भरायला बसले. डाव्या हातात दोन-सहाच्या सरळ गेल्या. उजव्यात कासारणीनं साबण लावला तरी अंगठ्याच्या मुळाशी अडकल्या. तिनंच मनगटाच्या वर अंगठा दाबून धरला, सोडला आणि म्हणाली, "वहिनी, खळगा पडतोय बघा." खळगा बराच वेळ तसाच राहिला.

चिखल उपसल्यामुळेच सूज आली असं मी म्हणणार नाही. रस्ता गाठी काढल्या तेव्हापासूनच अरुंद झाला होता. शरीरातल्या पेशींच्या मधलं जे पाणी असतं, ते लसिका होऊन बारीक नळ्यांमधून परत रक्तात जातं. रक्ताला ढकलायला हृदय आहे. लसिकेला तसा पंप नाही, ती स्नायूंच्या हालचालीवर, श्वासावर आणि त्या नळ्यांच्या स्वतःच्या आकुंचनावर पुढे सरकते. हाताच्या नळ्या बगलेतल्या गाठींना येऊन मिळतात. त्या गाठी काढल्या, वर रेडिएशनही झालं, की वाहून जाणारं पाणी हातात साचायला लागू शकतं. बगलेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांमध्ये साधारण पाचांतल्या एकीला हा त्रास होतो. एकदोन गाठी तपासून तिथंच थांबता आलं असेल, तर वीसांतल्या एकीला. मी त्या पाचांतली एक. हा त्रास मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो, आणि चांगला आटोक्यात राहतो.

एक गोष्ट आधी सांगते. हात अचानक सुजला तर स्लीव्ह शोधायच्या आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या डॉक्टरांनी आधी डॉपलर, म्हणजे रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, करून शिरेत रक्ताची गुठळी नाही ना ते पाहिलं, बगलेत पुन्हा काही वाढत नाही ना ते पाहिलं, मगच "हा लिम्फेडेमा" म्हणाले, म्हणजे लसिका साचून आलेली सूज. शेजारणीनं दबक्या आवाजात विचारलं होतं, "हत्तीरोग तर नाही ना हो?" हत्तीरोग डासांतून येणाऱ्या जंतांमुळे होतो. तिथंही याच नळ्या खराब होतात, पण माझं कारण वेगळं. आणि सुजलेल्या हाताला हात लावून कोणालाच काही होत नाही. तिला हे सांगितल्यावर तिनं माझा हात हातात घेऊन बघितला. मला फार बरं वाटलं.

आता पहिली स्लीव्ह. लेकीनं मोबाइलवरून मागवली, साडेसहाशे रुपयांची. साइज स्मॉल, मीडियम, लार्ज, बस्स. मी लार्ज घेतली, कारण हात सुजलेला. ती खेळाडूंसाठीची होती हे नंतर कळलं. त्यावर दाब किती ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. मनगटाशी सैल, कोपराला घट्ट, आणि वरची कड बसल्या बसल्या गुंडाळी होऊन दंडात रुतायची. तिसऱ्या दिवशी पंजा फुगला. तोपर्यंत सूज जास्त करून मनगटाच्या वरच होती. स्लीव्ह मनगटाला संपत होती, पंजावर काहीच नव्हतं, वर दंडाला दोरी बांधल्यासारखी गुंडाळी, मग पाणी वाट मिळेल तिकडे गेलं. बोटांची पेरं दिसेनाशी झाली. मी घाबरले. एका ठिकाणी दाखवलं, तिथं साधं क्रेप बँडेज गुंडाळून दिलं, ते रात्रभर ठेवलं आणि सकाळी हात आणखी ताठला.

क्रेप बँडेज का चालत नाही हे पुढे पुण्याच्या फिजिओ मॅडमनी समजावलं. ते खूप ताणलं जातं, म्हणून हात स्वस्थ असतानाही ते आवळतच राहतं, आणि हात हलवला की मात्र सैल देतं. लिम्फेडेमाला उलट हवं. कमी ताणणारी बँडेजं मिळतात, ती आरामात असताना हलकी बसतात आणि स्नायू फुगला की भिंतीसारखी उभी राहतात. स्नायू आणि भिंत यांच्या मध्ये नळ्या दाबल्या जातात, पाणी पुढे सरकतं. पंप नाही ना, तर हा पंप.

पुण्यात भावाकडे तीन आठवडे राहिले. रोज सकाळी मॅडम हलक्या हातानं मसाज करायच्या, मग बँडेज. आधी सुती नळीसारखा मोजा, मग प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी, मग कापसाची गादी, कोपराच्या खोबणीत फोमचा तुकडा, आणि त्यावर तीन-चार बँडेजं एकावर एक. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सोडायचं नाही. भात डाव्या हातानं चमच्यानं खाल्ला, केस वहिनीनं विंचरले. वाईट वाटायचं, पण टेप बघून धीर यायचा. मनगटापासून वीस सेंटिमीटरवर उजवा हात २९.५ होता, डावा २५.५. दोन सेंटिमीटरचा फरक असला तरी लिम्फेडेमा धरतात, माझा चार होता. तीन आठवड्यांनी उजवा २७ वर आला.

त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काकू, आता स्लीव्हचं माप." मी म्हटलं, पहिल्याच दिवशी का नाही दिली? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी आता फोन करणाऱ्या प्रत्येकीला सांगते. स्लीव्ह सूज उतरवायला नसते. बँडेजनं उतरवलेली सूज परत चढू नये म्हणून ती असते. सुजलेल्या हाताचं माप देऊन स्लीव्ह घेतली तर ती सुजेच्या मापाचीच होते, आणि सूज तिथं मुक्काम करते. सूज अगदी थोडी, दाबली की जाणारी असेल तर नुसत्या स्लीव्हनंही भागतं, पण ते हात बघणाऱ्यानं ठरवावं.

दुसरी स्लीव्ह पुण्यातल्या एका सर्जिकलच्या दुकानातून घेतली. तिथल्या बाईंनी पाऊण तास दिला. सकाळी दहाच्या आत यायला सांगितलं होतं, कारण दिवस चढतो तशी सूज चढते. मनगट, हाताचा मधला भाग, कोपर, दंड, बगलेच्या खाली दोन बोटं, असं सगळीकडे टेप लावून त्यांनी लिहून घेतलं. ही गोल विणीची, म्हणजे शिवण नसलेली, पायमोजा विणतात तशी. २,४०० रुपये पडले आणि पंजासाठी बोटं उघडी असलेला मोजा वेगळा. दाब दुसऱ्या क्लासचा.

क्लास म्हणजे दाबाची प्रत, आणि त्यात एक मेख आहे, ती सांगायला हवी. जर्मन पद्धतीत क्लास दोन म्हणजे २३ ते ३२, बीपीचं जे माप असतं त्याच मापात. ब्रिटिश पद्धतीत क्लास दोन म्हणजे १८ ते २४. अमेरिकन डब्यांवर २०-३० असं सरळ छापलेलं असतं. एकीनं "मलाही क्लास टू सांगितलाय" म्हणून भलत्याच पद्धतीची मागवली आणि सैल पडली. म्हणून चिठ्ठीवर आकडा लिहून घ्या, आणि डब्यावर आकडा नसेल तर ती वस्तू घेऊ नका. खेळाच्या दुकानांतल्या आणि ऑनलाइनवरच्या स्वस्त स्लीव्ह याच एका गोष्टीवर बाद होतात.

दुसरी स्लीव्ह मी अडीच वर्षं वापरली. एकच नव्हे, दर सहा महिन्यांनी नवी. लवचीकपणा जातो, आणि तो गेल्याचं डोळ्यांना दिसत नाही. माझी खूण अशी आहे: सकाळी घालताना दम लागायला हवा. सहज चढायला लागली की तिचे दिवस भरले. आणि एका वेळी दोन हव्यात, एक हातात आणि एक दोरीवर. दुकानातल्या बाईंनी दोन घ्यायला सांगितलं तेव्हा मला वाटलं विकायला बघतायत. पहिल्या पावसाळ्यात कळलं.

पावसाळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण स्लीव्हसोबत येणाऱ्या कागदावर "सावलीत वाळवा" एवढंच असतं. आमच्याकडे आषाढात झड लागली की रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नाही. स्लीव्ह रोज धुवावी लागते, कारण घामानं आणि अंगाच्या तेलानं धागा लवकर मरतो, शिवाय धुतली की ताणलेली वीण परत आकारात येते. कोमट पाणी, सौम्य साबण, दोन पाण्यांतून काढायची. ब्लीच नाही, कपडे मऊ करायचं औषध नाही, पिळायची तर अजिबात नाही. मी ती जुन्या पंच्यात ठेवते, पंचा सुरळी करते आणि सुरळीवर गुडघा टेकवून दाबते. पाणी पंच्यात उतरतं. मग माजघरात पंख्याखाली आडवी पसरते. उभी टांगली तर ओल्या वजनानं ओढली जाते. गोल विणीची सकाळपर्यंत वाळते. चुलीवरच्या दोरीला लावण्याचा मोह होतो, एकदा लावली होती, वरची पट्टी कडक होऊन तडकली. ओलसर स्लीव्ह कधीही घालू नका. त्वचा भिजून मऊ पडते, मग बुरशी धरते आणि तिथून पुढची संकटं.

दुसरीतली मोठी खोट म्हणजे वरच्या कडेची सिलिकॉनची पट्टी. स्लीव्ह घसरू नये म्हणून ती असते. मे महिन्यात त्या पट्टीखाली घामानं लाल चट्टे उठले, खाजायला लागलं. आणि या हातावर नख लागणं म्हणजे काय ते मला तोवर कळलेलं होतं, ती गोष्ट पुढे सांगते. पट्टी नसलेलीही मिळते. दुकानात विचारलं तर देतात, आपणहून कोणी सांगत नाही.

दुसरी खोट कोपराच्या आतल्या बाजूची. गोल वीण पातळ असते, हात वाकवला की तिथं घडी पडते आणि दिवसभर घडी रुतत राहते. माझ्या हाताचा आकार दंडाकडे जास्त रुंदावतो. अशा हाताला तयार मापाची स्लीव्ह कुठे तरी कमीजास्त होतेच.

म्हणून गेल्या दीड वर्षापासून तिसरी. सपाट विणीची, माझ्या मापानं विणून आलेली. जाड, जरा खरखरीत, मागच्या बाजूला शिवण. एका स्लीव्हला नऊ हजारांच्या वर गेले, पंजाचा मोजा धरून बारा. माप दिल्यापासून यायला महिना लागला. पहिल्या वेळी पंजाच्या मोज्याचं अंगठ्याचं भोक चुकलेलं होतं, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात करकचून बसायचं आणि संध्याकाळी तिथं चीर पडायची. परत पाठवला, त्यांनी पैसे न घेता नवा विणून दिला, पण त्यात आणखी तीन आठवडे गेले. नवा मोजा आला की आधी चारपाच तास घालून बेचकी तपासा. मी लगेच दिवसभर घातला ही चूक झाली.

तरी तिसरीच चांगली. कोपराला घडी पडत नाही. कापड ताठ असल्यानं ते मांसात रुतत नाही, हात फुगायला गेला की अडवतं. माझ्या हाताची कातडी आतून जराशी निबर व्हायला लागली होती, ती या वर्षभरात मऊ झाली. वाईट एवढंच की पावसात ती रात्रीत वाळत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलसर राहते. मग झडीच्या दिवसांत एक सपाट विणीची आणि एक गोल विणीची अशा आलटून पालटून घालते. ज्यांचा हात थोडा सुजतो आणि पंजा मोकळा आहे, त्यांनी बारा हजार घालवायची घाई करू नये, गोल विणीची पुरते. पंजा सुजत असेल, हात ताठ लागत असेल किंवा आकार वेडावाकडा असेल, तर पैसे साठवून सपाट विणीचीच घ्या.

घालायची रीत मला कोणी दाखवली नसती तर मी पहिल्या आठवड्यातच सोडून दिली असती. पहाटे उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, कारण रात्रभर हात आडवा असल्यानं तेव्हा तो सगळ्यांत बारीक असतो. पाच खोल श्वास, पोट फुगेल असे. हात कोरडा हवा, क्रीम रात्री झोपताना लावायचं, सकाळी लावलं तर स्लीव्ह चढतही नाही आणि खराबही होते. डाव्या हातात भांडी घासायचा रबरी मोजा घालते. स्लीव्ह कोपरापर्यंत उलटी करते, पंजातून मनगटावर आणते, आणि मग रबरी मोज्याच्या तळव्यानं वर वर लोटत जाते. चिमटीत धरून ओढायचं नाही. मनगट, मग चार बोटं वर, मग आणखी चार. मध्ये कुठेही सुरकुती ठेवायची नाही, तळवा फिरवून सारखी करायची. कड बगलेखाली दोन बोटांवर थांबते. जास्त आली असं वाटलं तरी दुमडायची नाही, दुमडलं की तिथं दुप्पट दाब. शेवटी नखं बघते. गुलाबी असली आणि मुंग्या येत नसल्या की झालं. सुरुवातीला वीस मिनिटं लागायची, आता चार.

मग दिवसभराची कामं. भाकरी थापताना पीठ विणीत जातं, ते निघत नाही. लेकीनं जुन्या सुती साडीची सैल बाही शिवून दिली आहे, मनगटाला नाडी असलेली, ती स्लीव्हवर चढवते. भांडी, कपडे यांना लांब रबरी मोजा. गणपतीत मी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते, तेव्हा मोदक वळायला पंजाचा मोजा काढावाच लागतो. गरम उकडीत हात घालणं या हाताला चालत नाही, म्हणून मळायला जाऊबाई असतात. मी पाऱ्या करून कळ्या काढते. त्याला बोटांची चिमूट लागते, जोर लागत नाही. दर अकरा मोदकांनी हात वर करून मूठ दहा वेळा उघडमीट करते. दिवसअखेर मोजा परत.

"त्या हातानं काही उचलू नकोस" हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं, पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. २००९ मध्ये अमेरिकेत लिम्फेडेमा असलेल्या १४१ बायकांवर वजनं उचलण्याचा अभ्यास झाला. ज्यांनी हळूहळू वाढवत वजनं उचलली त्यांची सूज काही इतरांपेक्षा जास्त वाढली नाही, उलट त्रास कमी झाला आणि हातात बळ आलं. मी स्लीव्ह घालून अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात केली, आता एक किलो. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी हात जड वाटला तर पुन्हा मागच्या वजनावर येते. विहिरीवरची कळशी मात्र डाव्याच हातानं, ती मला अजून झेपत नाही.

रात्री स्लीव्ह काढल्यावर मसाज. याला मालीश म्हणू नका, कारण मालीश म्हटलं की बायका तेल लावून रगडतात, आणि रगडल्यानं अपाय होतो. या नळ्या कातडीच्या अगदी खाली आहेत. मोदकाच्या पारीला बोट लावतो तितकाच हात जड असावा, नुसती कातडी सरकली पाहिजे. सुरुवात सुजलेल्या हातापासून करायची नाही. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची बगल, मग त्याच बाजूची जांघ, मग छाती, मग दंड आणि शेवटी मनगट. पुरानंतर आम्ही गटार मोकळं केलं तेव्हा वाशिष्ठीच्या बाजूचं तोंड आधी उपसलं होतं, घराजवळचं शेवटी. तोंड मोकळं नसताना वरचं उपसून पाणी जाणार कुठे? मला मसाजचा क्रम तेव्हापासून पाठ आहे. वीस मिनिटं लागतात. कंटाळा येतो, तरी करते.

आता कोलंबीची गोष्ट. दुसऱ्या वर्षी श्रावण संपल्यावर पहिल्या रविवारी कोलंबी सोलत होते, मोजा काढून ठेवला होता. डोक्यावरचा काटा मधल्या बोटाला टोचला. रक्ताचा एक ठिपका आला, धुतला, विसरले. रात्री नऊला हुडहुडी भरली, दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजत होते. हात बघितला तर कोपरापर्यंत लाल आणि तव्यासारखा गरम. त्याला सेल्युलायटिस म्हणतात. लसिका तुंबलेल्या हातात जंतूंशी लढणारी यंत्रणा कमी पडते, म्हणून एक टोचणी पुरते. रात्रीच डॉक्टर गाठले, अँटिबायोटिक सुरू झालं, पूर्ण कोर्स घेतला. त्या दिवसांत स्लीव्ह नाही, मसाज नाही, हात उशीवर. लाली गेल्यावर बघितलं तर सूज दीड सेंटिमीटरनं वाढलेली. नव्यानं बँडेज बांधून ती उतरवायला तीन आठवडे लागले. हात लाल झाला, गरम झाला, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. हे मी हात जोडून सांगते.

तेव्हापासून मासळी जाऊबाई साफ करतात, नाहीतर मी जाड मोजा घालून. नारळ खोवायला विळीवर बसते ती डाव्या हातानं शिकले. संध्याकाळी पडवीत बसायच्या आधी डासांचं मलम. जंतुनाशक मलम आणि कापूस पर्समध्ये कायम. सुई आणि बीपी मी शक्यतो डाव्या हाताला घ्यायला लावते. एखाद्या वेळी उजव्याला घेतलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही असं माझे डॉक्टर सांगतात, पण डावा असताना उजवा कशाला? सूज जावी म्हणून लघवीच्या गोळ्या घ्यायला कोणी सुचवलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. या सुजेवर त्यांचा उपयोग होत नाही. वजनाचा मात्र खरंच फरक पडतो. माझं सहा किलो उतरलं त्या वर्षी हात सगळ्यांत चांगला राहिला.

माझा शिंपी आता उजवी बाही एक इंच सैल शिवतो, न सांगता. पहिल्या वर्षी हळदीकुंकवाला स्लीव्ह पदराखाली झाकून गेले होते. सासूबाई म्हणाल्या, "डाव्या हातात दोन जास्त भर." तेव्हापासून डाव्या हातात आठ असतात आणि उजव्यावर पदर ओढत नाही.

दर महिन्याच्या १ तारखेला, उठल्याबरोबर, स्लीव्ह घालायच्या आधी टेप लावते. बॉलपेननं हातावर खुणा करते, नेहमी त्याच जागी, टेप ओढायचा नाही, नुसता टेकवायचा. आकडे कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहिते. या महिन्याचा वीस सेंटिमीटरचा आकडा २६.५ आहे. आत्ताची स्लीव्ह चार मिनिटांत चढायच्या ऐवजी दोन मिनिटांत चढायला लागली आहे, म्हणजे बदलायला आली. मोदकांच्या ऑर्डरी उरकल्या की कुंभार्ली घाटातून पुण्याला जाईन, रात्री भावाकडे झोपेन. प्रवासात हात लोंबता राहून थोडा चढतोच, तो रात्रीत उतरेल, आणि सकाळी दहाच्या आत दुकानातल्या बाईंच्या टेपखाली हात देईन.